‘दावा केला’ : बातमीतील एका क्रियापदाची तपासणी

कोणतेही मराठी वर्तमानपत्र घ्या आणि त्यातील विज्ञानविषयक बातम्यांची क्रियापदे तेवढी अधोरेखित करा. एका वैज्ञानिकाने दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा दावा केलेला असतो. त्याच पानावर एका महाराजांनी मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा केलेला असतो. खालच्या चौकटीत एका कंपनीचा आपल्या साबणाने नव्व्याण्णव टक्के जंतू मरतात असा दावा असतो, आणि शेवटच्या स्तंभात हवामान खात्याचा दावा फोल ठरलेला असतो. वेधशाळेत काही वर्षे घेतलेल्या नोंदी, आश्रमातले आश्वासन, जाहिरातीतला मजकूर आणि संख्याशास्त्राने काढलेला अंदाज या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत मात्र त्या एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधलेल्या असतात. (दावण आणि दावा यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.)

विज्ञानशिक्षकाने भाषेच्या शिक्षकाच्या अंगणात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. पण विद्यार्थ्यांचा विज्ञानाशी शाळेबाहेर जो संबंध येतो, तो मुख्यतः बातमीतून येतो. आज ती बातमी हातातल्या फोनवर येते, पण वाक्य तेच असते. ‘शास्त्रज्ञांचा दावा’ हे शब्द दहा वर्षे वाचल्यावर मुलाच्या मनात विज्ञानाचे जे चित्र तयार होते ते असे : जगात अनेक लोक अनेक दावे करतात, त्यांपैकी काहींना शास्त्रज्ञ म्हणतात. आमची तक्रार या चित्राविषयी आहे.

आधी शब्द पाहू. दावा हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. आपल्याकडे तो मुख्यतः कचेरीत आणि न्यायालयात रुळला : जमिनीचा दावा, दिवाणी दावा, दावा दाखल करणे, दावा निकाली निघणे. जुन्या मराठीत त्याला वैराचाही अर्थ आहे. दावा साधणे म्हणजे सूड उगवणे, आणि दावेदार म्हणजे वैरी. ज्याच्यावर दुसरी बाजू आहे आणि जिचा निकाल अजून लागायचा आहे अशा गोष्टीला दावा म्हणतात, हा या सगळ्या अर्थांतला समान धागा. न्यायालयातल्या दाव्याला एक शिस्त असते. तो नुसता तोंडी करून चालत नाही, सोबत कागदपत्रे जोडावी लागतात, प्रतिवादीचे म्हणणे ऐकले जाते, साक्षीपुरावा होतो आणि केव्हातरी, भले वीस वर्षांनी, निकाल लागतो. बातमीने कोर्टातून शब्द तेवढा उचलला. कागदपत्रे, प्रतिवादी आणि निकाल तिथेच राहिले.

बातमीदार हा शब्द वापरतात याला कारणे आहेत, आणि ती सगळीच आळसाची नाहीत. रात्री दहा वाजता वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर समोर येतो, त्यात ‘क्लेम’ असते, त्याचे ‘दावा’ होते. ‘सेज’ असले तरी कित्येकदा त्याचेही दावाच होते, कारण ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ हा मथळा मिळमिळीत वाटतो आणि ‘शास्त्रज्ञांचे प्रतिपादन’ एका स्तंभात मावत नाही. दोन अक्षरांचा दावा मात्र कुठेही बसतो. पुन्हा तो बातमीदाराला सुरक्षित ठेवतो : हे मी म्हणत नाही, ते म्हणतात, उद्या खोटे ठरले तर त्यांनी पाहावे. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत नवशिक्या बातमीदाराला ‘क्लेम’ जपून वापर असे बजावतात. त्या शब्दाने बोलणाऱ्यावर अविश्वासाची सावली पडते. साधे ‘म्हणाला’ पुरेसे असते. मराठीत ही सूचना कोणी देताना फारसे दिसत नाही. वास्तविक आमचे उपसंपादक विचार करून भाषांतर करू शकतात. स्फोटानंतर एखादी संघटना इंग्रजीत जबाबदारी ‘क्लेम’ करते, तिथे मराठीत ‘जबाबदारी स्वीकारली’ असेच छापले जाते, जबाबदारीचा दावा कोणी छापत नाही. मग विज्ञानाच्या पानावरच ही जाण का सुटते?

एक प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. २३ सप्टेंबर २०११ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत ‘ऑपेरा’ नावाच्या प्रयोगातील भौतिकशास्त्रज्ञांनी आपली मोजमापे मांडली. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो कण जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगशाळेत पोहोचत. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी साधारण २.४ मिलिसेकंद लागतात. न्यूट्रिनो त्याच्याही सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे मोजमापांत दिसत होते. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम १८ मीटर जातो, म्हणजे फरक अगदी लहान; पण तो खरा असता तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताला मोठाच धक्का होता. जगभर बातमी झाली : आइन्स्टाइन चुकला, शास्त्रज्ञांचा दावा.

आता त्या शास्त्रज्ञांनी काय केले होते ते पाहा. तीन वर्षांत टिपलेल्या हजारो न्यूट्रिनोंच्या नोंदी तपासून, आपल्या हिशेबात चूक कुठे आहे हे त्यांनी महिनोन्महिने शोधले. ती सापडली नाही. तेव्हा त्यांनी आकडे, पद्धत आणि त्रुटींची मर्यादा सगळे जाहीर केले, इतरांनी ते तपासावे अशी विनंती केली, आणि या आकड्यांचा सैद्धान्तिक अर्थ लावण्याचे आपण मुद्दाम टाळत आहोत असे निबंधातच नमूद केले. याला मराठीत दावा म्हणत नाहीत. हे म्हणजे हिशेबात दोन रुपये जास्त येत आहेत, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही एकदा पाहता का, असे वही पुढे करून विचारणे आहे. ‘न्यूट्रिनो प्रकाशाआधी पोहोचल्याचे मोजमापांत आढळले, शास्त्रज्ञ स्वतःच साशंक’ हा मथळा लांब आहे खरा, पण खरा आहे.

शंका घेण्याचे कारणही शाळेच्या फळ्यावर मांडता येते. फेब्रुवारी १९८७ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर टिपले गेले. ते प्रकाशाच्या काही तास आधी आले, आणि तेही स्फोटातला प्रकाश ताऱ्याच्या थरांतून बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. ऑपेराच्या मोजमापातला वेगाचा फरक ४० हजारांत एक इतका होता. तोच फरक त्या न्यूट्रिनोंना लावला तर ते चार वर्षांहून अधिक काळ आधी यायला हवे होते. दोन्ही न्यूट्रिनोंची ऊर्जा फार वेगळी होती, त्यामुळे एवढ्याने प्रश्न निकालात निघत नव्हता. पण एका भागाकाराने शंकेला आकार येतो. बातमीत हा भागाकार क्वचितच होता.

२०१२ च्या सुरुवातीला कारण सापडले. घड्याळाशी जोडलेल्या एका प्रकाशतंतूची जोडणी पुरती घट्ट बसलेली नव्हती. घड्याळातच आणखी एक दोष होता, तो उलट दिशेने परिणाम करणारा. मार्च महिन्यात ग्रान सासोतल्याच ‘इकॅरस’ या दुसऱ्या गटाने न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच असल्याचे मोजले. मग पुन्हा बातमी आली, आणि तिचा सूर असा की शास्त्रज्ञांचा दावा खोटा ठरला. जो दावा त्यांनी केलाच नव्हता तो आधी त्यांच्या नावावर मांडला, मग तो खोटा ठरल्याचे खापर त्यांच्याच माथी फोडले. विज्ञान जसे चालायला हवे तसे इथे चालले होते. वाचकाला मात्र त्यात फजिती तेवढी दिसली.

याचा अर्थ दावा हा शब्द बातमीतून हद्दपार करावा असा नाही. काही ठिकाणी तोच नेमका शब्द आहे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठातील स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषद बोलावली आणि जड पाणी व पॅलेडियमचा विद्युतअग्र एवढ्या सामग्रीवर, खोलीच्या तापमानाला, अणुकेंद्रांचे संमीलन घडवल्याचे जाहीर केले. निबंध अजून प्रसिद्ध व्हायचा होता, इतर प्रयोगशाळांना पुरेसे तपशील मिळालेले नव्हते. कागदपत्रांशिवाय दाखल केलेला हा दावाच होता. अनेक देशांत, आपल्याकडे ट्रॉम्बेलाही, प्रयोग करून पाहिले गेले. त्या वर्षअखेरीपर्यंत बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांचे मत प्रतिकूल झाले होते. तसेच तमिळनाडूतील रामर पिल्लै यांचे. १९९६ मध्ये वनस्पतींपासून पेट्रोल बनवण्याच्या त्यांच्या दाव्याने देशभर खळबळ उडाली. पुढे त्यांनी विकलेले इंधन पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण असल्याचे तपासात निघाले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. या प्रकरणात दावा अक्षरशः न्यायालयात पोहोचला आणि निकालही लागला. गंमत अशी की १९९६ सालची खळबळ ज्यांना आठवते त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हा निकाल ठाऊक असतो.

दाव्याला वयही असते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील व्रणांचे कारण एक जिवाणू आहे असे १९८० नंतरच्या काळात म्हटले, तेव्हा जठरातल्या आम्लात जिवाणू तगूच शकत नाहीत असे बहुतेक डॉक्टर मानत होते. त्या दिवशी त्याला दावा म्हणणे योग्यच होते. मार्शल यांनी जिवाणूंचा द्राव स्वतः पिऊन पाहिला, प्रतिजैविकांनी रुग्ण बरे होऊ लागले, २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. यानंतरही एखादी बातमी ‘जिवाणूंमुळे अल्सर होत असल्याचा दावा’ असे लिहीत असेल, तर ती वीस-पंचवीस वर्षे मागे आहे. क्रियापदाला बढती द्यावी लागते, आणि कधी पदावनतीही.

हवामानाची गोष्ट निराळी. भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिलमध्ये नैर्ऋत्य मोसमी पावसाचे पहिले दीर्घ पल्ल्याचे पूर्वानुमान देतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी, १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली, ८७ सेंटीमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सर्वसाधारण’. आकड्यासोबत अधिक-उणे ५ टक्क्यांची मर्यादाही दिलेली असते, आणि कोणत्या गटातल्या पावसाची शक्यता किती टक्के हेही. बातमीत यातले ‘सर्वसाधारण पावसाचा दावा’ एवढेच उतरते. मग मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात जुलै कोरडा गेला की दावा फोल. संपूर्ण देशाची चार महिन्यांची सरासरी एका तालुक्याच्या एका महिन्याबद्दल काहीच सांगत नाही, हे सातवीच्या मुलाला सरासरीच्या धड्यावरून कळते. वाईट असे की ज्या शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय या बातमीवर घेतला, त्याचे नुकसान खरेच झालेले असते, आणि त्याचा राग खात्याच्या अंदाजावर निघतो. अंदाज हा चांगला, जुना, घरगुती मराठी शब्द उपलब्ध असताना त्याच्या जागी दावा बसवल्याने हे घडते.

आतापर्यंत आम्ही दावा या शब्दाने विज्ञानाचे काय होते ते पाहिले. पण या शब्दाच्या शेजारी कोणते क्रियापद बसते हेही पाहावे लागते. समजा, एका नदीकाठच्या गावाची बातमी अशी आहे : ‘कारखान्याच्या रसायनांमुळे नदीतील मासे मेल्याचा दावा ग्रामस्थांनी केला. सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते सोडले जात असल्याचे व्यवस्थापनाने स्पष्ट केले.’ हे वाक्य आम्ही रचलेले आहे, पण असे वाक्य वाचले नाही असा वाचक सापडणे कठीण. यात समतोल आहे असे वाटते, कारण दोन्ही बाजू आल्या. प्रत्यक्षात निकाल क्रियापदांनीच देऊन टाकला. ‘स्पष्ट करणे’ म्हणजे जे आहेच, पण दिसत नव्हते, ते दाखवून देणे. त्यात सांगितलेली गोष्ट खरी असल्याचे गृहीत आहे. भाषाशास्त्रज्ञ अशा क्रियापदांची एक सोपी परीक्षा सांगतात. ‘पृथ्वी फिरते हे गोपाळला कळले’ आणि ‘पृथ्वी फिरते हे गोपाळला कळले नाही’ या दोन्ही वाक्यांत पृथ्वी फिरतेच. नकार फक्त गोपाळपुरता. ‘कळणे’, ‘ओळखणे’, ‘उघड करणे’, ‘निदर्शनास आणणे’ ही याच जातीची क्रियापदे. ‘दावा केला’ आणि ‘दावा केला नाही’ यांतून मात्र पृथ्वीबद्दल काहीच निष्पन्न होत नाही.

या बातमीतले पुरावे पाहा. मेलेले मासे काठावर पडलेले आहेत, ते मोजता येतात, त्यांचे छायाचित्र घेता येते. ते कशाने मेले हा तपासाचा भाग आहे, तिथपर्यंत ‘दावा’ क्षम्य आहे. पण ‘मासे मेल्याचा दावा’ या शब्दांत मरणाचे कारण आणि मरण दोन्ही संशयात जातात. उलट प्रक्रिया केली जाते की नाही हे बातमीदाराने पाहिलेले नाही, पाण्यातला विद्राव्य प्राणवायू कोणी मोजलेला नाही, तरी ते ‘स्पष्ट’ झाले. जे डोळ्यांना दिसते त्याला दावा आणि जे कोणी पाहिले नाही ते स्पष्ट! अधिकारी स्पष्ट करतात, मंत्री प्रतिपादन करतात, पोलीस सांगतात आणि आदिवासी, रुग्णाचे नातेवाईक, धरणग्रस्त दावा करतात, अशी ही उतरंड आहे. कोणी मुद्दाम ठरवून ती रचली असे आम्हाला वाटत नाही. ती सवयीने रचली गेली, आणि म्हणूनच ती दिसत नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. दावा म्हणजे यातला पहिला अवयव. बहुतेक विज्ञानवार्ता पर्वतावर अग्नी असल्याचे सांगून थांबतात. धूर कोणी पाहिला, कुठून पाहिला, तो धूर होता की धुके, हे दुसऱ्या वाक्यात यायला हवे, आणि ते वाक्य कापले जाते.

दावा शेवटपर्यंत कसा न्यावा याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पत्रिकेवरून माणसाच्या बुद्धीविषयी सांगता येते, असे फलज्योतिषी म्हणतात. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये त्याची चाचणी घेतली. हुशार म्हणून निवडलेली १०० मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले यांच्या जन्मवेळांवरून २०० पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पत्रिका दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. ४० पैकी २८ बरोबर आल्यास यश मानायचे, हे आधीच ठरले होते. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले; नाणे उडवून ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ उत्तरे बरोबर होती. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. येथे ज्योतिषांच्या म्हणण्याला ‘दावा’ म्हणण्यात काहीच गैर नाही, कारण तो दावा म्हणून वागवला गेला : अट ठरली, पुरावा मागितला, मोजला, निकाल छापला. या चाचणीची बातमी ‘ज्योतिष खोटे असल्याचा शास्त्रज्ञांचा दावा’ अशी देणारा बातमीदार मात्र निकालपत्रालाच फिर्याद समजतो.

मराठीत शब्दांची वानवा नाही. किंबहुना एखाद्या माहितीची खात्री किती, हे दाखवायची सोय मराठीच्या व्याकरणातच आहे. ‘तिकडे पाऊस पडला म्हणे’ यातल्या ‘म्हणे’ने ऐकीव माहितीची पावती फाडली जाते. ‘पाऊस पडला असावा’ म्हणजे अंगण ओले दिसते आहे. ‘पडला असेल’ म्हणजे तेही दिसत नाही, नुसता तर्क आहे. खेड्यातली आजी हे फरक रोज न चुकता पाळते. बातमीसाठीही आढळले, मोजले, अनुमान काढले, शक्यता वर्तवली, शंका व्यक्त केली, असा आरोप केला, नुसते म्हटले, अशी चढउतार असलेली क्रियापदे आहेत, आणि ‘म्हटले’ हे त्यांतले सर्वांत गरीब आणि सर्वांत प्रामाणिक आहे.

नववी-दहावीच्या वर्गात यासाठी एक तास पुरतो. आठवडाभरातल्या ‘दावा’ असलेल्या बातम्या मुलांना कापून आणायला सांगाव्यात, आणि प्रत्येकीत तो शब्द खोडून त्या जागी नेमके क्रियापद लिहायला लावावे. मुले लवकरच अडतात. मूळ बातमीत प्रयोग कोणी केला, किती जणांवर केला, निबंध छापला गेला की नाही, यातले काहीच नसते, त्यामुळे ‘आढळले’ लिहावे की ‘शंका व्यक्त केली’ हे ठरवता येत नाही. अशा वेळी उत्तर सांगू नये. क्रियापदाची जागा मोकळी ठेवून, ती भरण्यासाठी बातमीदाराला कोणते दोन प्रश्न विचारावे लागतील, ते मुलांना समासात लिहू द्यावेत. ते कात्रण समासासकट त्या वर्तमानपत्राच्या संपादकांना पाठवायलाही हरकत नाही, टपालखर्च फार येत नाही.